गोलमध्ये अब्बा उभे होते

टांगा निघाला तेव्हा अब्बा दारात नव्हते. काळारामाच्या बाजूला सत्याग्रहाचा बंदोबस्त होता, म्हणून टांगेवाल्यानं वळसा घेतला आणि नेमका आपल्या क्लबाच्या मैदानावरून गेला. अब्बा तिथं एकटेच होते, लुंगी खोचून चेंडू मारत. मी हात केला. त्यांनी पाहिलं आणि पाठ फिरवली. नाशिकरोड स्टेशन येईपर्यंत मी रडत होतो, हे आज पहिल्यांदा सांगतोय. हसायचं तर हसा.

मंडळी, तुम्ही तिथं राहिलेले आणि माझ्यासारखे पोटामागे बाहेर पडलेले, दोघांनाही हे लिहितोय. कारण परवा इथं हुबळीत एका शहाण्यानं मला विचारलं, "नाशिकात फुटबॉल खेळतात? तिथं तर भटजी असतात ना?" अस्सा राग आला म्हणता!

त्याला मी दगडू तांबटाची गोष्ट सांगितली. दिवसभर हंडे ठोकून दगडूचे कान निम्मे गेलेले. पंचाची शिट्टी त्याला ऐकूच यायची नाही. सगळे थांबले तरी हा आपला चेंडू घेऊन सुसाट, आणि गोल करून नाचायचा. देवळालीच्या छावणीतले गोरे डोकं धरून बसायचे. मग लहानू. पेठ तालुक्यातल्या डोंगरातला माणूस, मजुरीला खाली यायचा. बोलणं दोन शब्दांचं, पण अनवाणी पायानं अर्ध्या मैदानावरून असा हाणायचा की गोली बाजूला व्हायचा. पाऊस लागला की लहानू नागली लावायला वर, आणि आपण इथं हरायला मोकळे.

आणि अब्बा. बाप म्हणून सांगत नाही, पण त्यांच्यासारखा गोल मारणारा आपल्या क्लबात झाला नाही. कल्हईचा धंदा. मोठ्या पातेल्यात उभं राहून, पायाखाली वाळू आणि काथ्या घेऊन, कंबर गरागरा फिरवत भांडं घासायचं. तीच कंबर मैदानात. समोरचा डावीकडे झेपावला की अब्बा उजवीकडून पसार. मलाही त्यांनी पातेल्यात उभं करूनच खेळ शिकवला.

आपल्या क्लबाची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. गोल मारणाऱ्याचे गुडघे बोलायला लागले की त्याला घरी बसवायचं नाही, गोल राखायला उभं करायचं. मारणाऱ्याच्या मनातलं त्यालाच आधी कळतं. अब्बांचे गुडघे मात्र अजून धड होते. तरी माझ्यासाठी त्यांनी पुढची जागा सोडली आणि मागे जाऊन उभे राहिले. आणि वर्षाच्या आत मला हुबळीच्या रेल्वे कारखान्याचं बोलावणं आलं. खेळणाऱ्या पोरांना तिथं नोकरी देत होते. "मी जागा सोडली ती काय तू पळून जावं म्हणून?" अब्बा एवढंच बोलले. त्यानंतर बोलणंच बंद.

हुबळीत पहिले काही महिने वाईट गेले. बूट घालायची सक्ती. पायाला फोड, आणि चेंडू कुठं लागतोय ते कळेना. शेजारीण रोज कानडीत विचारायची, "ऊट आतेनू?" जेवलास का, म्हणून. मला वाटायचं, ही मला हाक मारतेय. सहा महिने मी मुकाट्यानं "हो" म्हणत राहिलो. नोकरी कच्ची होती. फोरमननं सरळ सांगितलं होतं, यंदाच्या स्पर्धेत गोल केलास तर कायम करतो, नाहीतर बिस्तरा बांध. परत जाऊन तुम्हाला काय तोंड दाखवणार होतो? ठरवलं, बुटात पाय कुजले तरी चालतील, पण हात हलवत जाणार नाही. कारखाना सुटला की भिंतीवर चेंडू मारत बसायचो. तासन् तास.

आणि नशीब बघा. स्पर्धा निघाली नाशिकात, आणि पहिलीच गाठ आपल्या क्लबाशी. समोर गोलमध्ये अब्बा.

पहिली संधी आली तेव्हा पुढं फक्त तेच होते. चेंडू अलगद त्यांच्या हातात दिला मी, खोटं कशाला बोलू? अब्बा चेंडू घेऊन चार पावलं पुढं आले. मलाच ऐकू येईल असं म्हणाले, "भीक घालतो का रे मला? एवढंच करायचं होतं तर गेलास कशाला?"

कान तापले. दुसऱ्या वेळी चेंडू आला तेव्हा अब्बा माझ्या कमरेकडे बघत होते, मी कुठं वळणार ते त्यांना पाठ होतं. मी वळलोच नाही. बुटाच्या टोकानं सरळ हाणला. त्यांची बोटं लागली, तरी चेंडू आत गेला. धावत जाऊन त्यांची बोटं बघावीशी वाटली आणि उडीही मारावीशी वाटली. दोन्ही खरं. त्या एका गोलावर आम्ही जिंकलो, माझी नोकरी कायम झाली, आणि तुमच्यातल्या काहींनी मला तोंडावर गद्दार म्हटलं. म्हणा. तो गोल मी पुन्हा करीन.

मला लागलं ते वेगळंच. संध्याकाळी घरी गेलो तर अम्मीनं ईदची सतरंजी अंथरलेली, आणि पाण्याचा पेला तबकात. "बस बेटा, बस," अब्बा म्हणाले. जन्मात मला कधी "बस" म्हटलं नव्हतं त्यांनी. माझ्याच घरात मी पाहुणा! कायम नोकरी, जिंकलेला सामना, सगळं क्षणात फिकं पडलं. नीट मांडी घालून बसलो.

हुबळी मी सोडणार नाही, आता बायकोपोरं इथलीच आहेत. पण घर कुठलं असं कुणी विचारलं की मला ती संध्याकाळच आठवते. तबकातल्या पाण्याला मी हातही लावला नव्हता. मग अब्बांनी सुजलेली बोटं माझ्यासमोर धरली आणि खेकसले,

"नवाबासारखा बसलास काय? ऊठ, हळद गरम करून आण. आणि येताना लाकडं फोडून ठेव, तुझ्या अम्मीची कंबर दुखतेय."

मी असा उठलो की तबकातलं पाणी सतरंजीवर सांडलं.