साडेबाराचे सर्व्हर

या ग्रुपवर मी बरेच दिवस फक्त वाचायला येते. खोटं कशाला बोलू, हसायला येते. कोणाला पिंपळाखाली बाई दिसली, कोणाच्या मागे पैंजण वाजले... डबा खाताना मी ऑफिसमध्ये मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही सगळे खिदळायचो. आमच्या घरात बुद्धवंदना होते. नवस, अंगारा, अंगात येणं, हे सगळं आजीच्या काळातच बंद झालं. "अंगात येतं ते कामाच्या कंटाळ्याने," असं आई म्हणते. त्यामुळे मीच इथे लिहायला बसलेय याचं मलाच नवल वाटतंय.

आणि मी काही भोळी नाही हं. उलट माझा स्वभाव नको तेवढा संशयी. भाजीवाला वजन करताना माझं लक्ष भाजीकडे नसतं, काट्याकडे असतं. रिक्षावाला नेहमीच्या वळणावर वळला नाही की मी लगेच "कुठे चाललात?" विचारते. हा स्वभाव पुढच्या सगळ्या गोष्टीत आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मी प्रज्ञा. राहायला अंबरनाथला, शिवमंदिराच्या अलीकडच्या गल्लीत. नोकरी उल्हासनगरला, चार नंबर कॅम्पात. खाली जीन्स शिवायचे कारखाने, दिवसभर मशीनची घरघर, आणि वरच्या मजल्यावर आमचं चार टेबलांचं ऑफिस. मालक मनोहरशेठ. आमचं अ‍ॅप एकच काम करतं — आनंदनगर एमआयडीसीतल्या कामगारांना त्यांच्या कंपनीची बस आत्ता कुठे आहे आणि कुठे थांबणार आहे, ते दाखवतं. माझी आई तिथेच एका कंपनीत पॅकिंगला आहे. तिला दमा. धुळीत ताटकळायला नको म्हणून ती अ‍ॅपमध्ये बस बघितल्याशिवाय गेटबाहेर पाऊल टाकत नाही. "तुझं अ‍ॅप अडकलं ना, की माझा दमा तुझ्या नावावर," असं ती मला चिडवायची.

आता थोडं कामाचं, कंटाळू नका. आमचे सर्व्हर भाड्याचे, क्लाउडवरचे. शिफ्ट सुटली की सगळं आनंदनगर एकदम अ‍ॅप उघडतं, एरवी तिथे चिटपाखरू नसतं. लग्नात पंगत बसली की वाढपी जास्त लागतात, पंगत उठली की त्यांना उगाच उभं कशाला ठेवायचं? तसंच हे. कधी किती सर्व्हर वाढवायचे, कधी कमी करायचे, याचे नियम आम्ही कोडमध्ये लिहितो आणि पुढचं आपोआप होतं. फक्त नवा सर्व्हर उभा राहून कामाला लागायला काही मिनिटं जातात. म्हणून शिफ्ट सुटायच्या आधीच ते वाढवून ठेवायचे. हे सगळं बघायचं काम माझं आणि हितेशचं.

हितेश सिंधी, जन्मच कॅम्पातला. शनिवारी घरून दाल-पकवान आणणार आणि आधी माझ्या टेबलावर ठेवणार, असा मुलगा. हे आत्ता आठवून लिहितेय. तेव्हा मला त्याचं वेगळंच काहीतरी दिसत होतं.

एका सोमवारी आम्ही डबे उघडत होतो, साडेबारा वाजत आले असतील, आणि माझ्या फोनवर अलर्ट आला. आनंदनगरचे सर्व्हर वाढत होते. वाढता वाढता पार कमाल मर्यादेला जाऊन थांबले! त्या वेळेला तिकडे एकही शिफ्ट सुटत नाही. अ‍ॅपवर जेमतेम मूठभर लोक. मी नियमांची फाइल उघडली तर त्यात एक ओळ जास्तीची — साडेबाराला आनंदनगरचे सगळे सर्व्हर चालू करा. मी लिहिलेली नव्हती. "मी पण नाही," हितेश म्हणाला. मी ओळ काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या वेळी तेच. फाइलमध्ये ती ओळ परत तिथल्या तिथे!

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, दुसऱ्याच्या सर्व्हरवर चोरून बिटकॉइन काढणारी माणसं असतात. सर्व्हर विनाकारण वाढले की आमच्या धंद्यात पहिला संशय तोच येतो. आणि नियम बदलायची चाबी, म्हणजे लॉगिन, दोघांकडेच. मी केलं नाही. मग उरलं कोण? त्यात हितेशने नुकताच नवा फोन घेतलेला. मी जवळ गेले की तो स्क्रीन बदलायचा. त्याला सरळ विचारलं तर कानापर्यंत लाल झाला, "तू पण ना यार..." एवढंच म्हणाला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय, असं मला वाटलं. (तो होणाऱ्या बायकोशी चॅट करायचा हे मला नंतर कळलं.)

मी तडक मनोहरशेठच्या केबिनमध्ये गेले. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "बेटा, उसकी सगाई है अगले महीने. पक्का है ना?"

"पक्कं," मी म्हटलं. जीभ चाचरली नाही माझी.

युक्तीही मीच सुचवली. हितेशची चाबी बंद करायची, ओळ मी माझ्या हाताने काढायची, आणि उद्या सगळ्यांनी मिळून बघत बसायचं. सर्व्हर वाढले नाहीत तर चोर हितेशच, आणि त्याने त्याच दिवशी घरी जायचं. शेठनी नाइलाजाने मान हलवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओळ काढली. फाइल दोनदा वरून खाली वाचली. डब्याच्या वेळेला आम्ही सगळे हितेशच्या टेबलाभोवती उभे राहिलो. त्याचा लॅपटॉप बंद. तो खुर्चीत बसून दोन्ही हात वर करून, पोलिसांनी पकडल्यासारखा. "बघ हां प्रज्ञा, हात वर आहेत," असं म्हणून हसायला गेला, पण हसू काही फुटलं नाही.

साडेबारा वाजले आणि भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर आकडा हलला. सर्व्हर वाढायला लागले.

खरं तर तिथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण संशय एकदा मानगुटीवर बसला की शहाण्यासारखा उतरतो का? "याच्याकडे दुसरी चाबी असणार!" असं ओरडत मी माझ्या लॅपटॉपकडे धावले आणि हाताने सर्व्हर खाली आणले. अगदी कमीत कमी ठेवले. आकडा उतरला. मी परत हितेशसमोर येऊन उभी राहिले, त्याच्या तोंडासमोर बोट नाचवत, "काय लावून ठेवलंयस, सांग!" आणि माझ्या बोटावरून पलीकडे सगळ्यांची नजर स्क्रीनवर गेली. आकडा परत चढत होता. परत पार वर!

"अरे, हात बघ ना माझे!" हितेश ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. हात अजून वरच होते.

आमची ही जुंपलेली असतानाच, काही मिनिटांनी, दुसरा आकडा हलला. अ‍ॅपवरच्या माणसांचा. भर दुपारी सगळं आनंदनगर एकदम अ‍ॅप उघडत होतं.

शेठचा फोन वाजला. बसवाल्या कंत्राटदाराचा माणूस होता. एका कारखान्यातून वायू सुटलाय, भोंगे झालेत, त्या रस्त्यावरच्या सगळ्या कंपन्या एकदम सोडल्यात. वारा पुढच्या गेटांच्या बाजूला, म्हणून बसेस मागच्या रस्त्याला लावतोय, अ‍ॅपमध्ये जागा बदललीये. लोकांना सांगायचा दुसरा काही मार्ग नाही, अ‍ॅप पडू देऊ नका.

त्याच रस्त्यावर आईची कंपनी.

मी फोन लावला. उचलला नाही. परत लावला, परत नाही. मी तिथेच फरशीवर बसले. समोर अ‍ॅप लोण्यासारखं चाललं होतं, कुठे अडकत नव्हतं, आणि मला एकच दिसत होतं — थोड्या वेळापूर्वी मी माझ्या या हातांनी सर्व्हर खाली आणले होते. तसेच राहिले असते तर नवे उभे राहीपर्यंत त्या सगळ्यांच्या फोनवर नुसतं चक्र फिरत बसलं असतं. आणि आई सवयीने पुढच्या गेटला जाऊन उभी राहिली असती.

मग तिचाच फोन आला. खोकत होती, पण बसमध्ये होती. "अगं, सगळ्या जणी पुढच्याच गेटला पळत होत्या. मी म्हटलं, थांबा गं, माझ्या पोरीच्या अ‍ॅपात बघू आधी. लग्गेच उघडलं बघ." मी फोनवरच रडले. ऑफिसात सगळ्यांसमोर, अगदी मोठ्याने. पुढच्या गेटला गेलेल्या काही जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. सगळे बरे होऊन घरी आले, पण त्यात आईसारखं दम्याचं कोणी नव्हतं.

संध्याकाळी शेठनी क्लाउडची नोंद काढली. कोणत्या चाबीने काय बदललं ते तिथे सगळं राहतं. साडेबाराची ओळ प्रत्येक वेळी एकाच चाबीने आली होती. सर्व्हर शेवटी परत वर गेले तेही त्याच चाबीने.

चाबी माझी होती.

मी दुपारपर्यंत हितेशकडे ज्या नजरेने बघत होते, त्याच नजरेने शेठ माझ्याकडे बघायला लागले. माझ्या बाजूने बोलला तो हितेश. "शेठ, उस टाइम इसका हाथ कीबोर्ड पे था ही नहीं. इसकी उंगली तो मेरे मुंह के सामने थी." त्याने असं म्हणायची काही गरज नव्हती. मी त्याच्या जागी असते तर म्हटलं असतं का? नसतंच म्हटलं.

पुढे पासवर्ड बदलले, लॅपटॉप पुसून कोरा केला, बाहेरचा एक माहीतगार बोलावला. त्याला घुसखोरीची खूण सापडली नाही. तो म्हणाला, तुम्हीच केलं असेल आणि विसरला असाल. बोट नाचवता नाचवता? आईला मात्र काहीच प्रश्न पडला नाही. "दूध उतू जायच्या आधी आपसूक हात जातो की गॅसकडे," म्हणाली. मी म्हटलं, "अगं पण हात कोणाचा?" तर म्हणे, "ते मी कशाला विचारू? बस मिळाली ना."

मला नाही राहवत. मी आजही विचारते. त्यात आणखी एक. नंतर ती ओळ मी स्वतः लिहून ठेवली, म्हटलं असू दे कायमची. शेठही खर्चाबद्दल काही बोलले नाहीत. हितेशने तपासली, माहीतगाराने तपासली, कुठे चूक नाही. शिफ्टचे बाकीचे सगळे नियम वेळच्या वेळी चालतात. हा एक चालत नाही. काढून टाकला होता तेव्हा चालत होता, आता लिहून ठेवलाय तर साडेबाराला एकही सर्व्हर हलत नाही.

हितेशची माफी मागितली मी. साखरपुड्याला गेले, पोटभर जेवले. शनिवारी दाल-पकवान येतं, पण आता तो मधल्या टेबलावर ठेवतो. आणि रोज साडेबारा वाजत आले की आम्ही दोघं कोणी न सांगता कीबोर्डवरून हात काढतो आणि टेबलावर पालथे ठेवतो, एकमेकांना दिसतील असे. मी स्क्रीनकडे बघत बसते, आणि मी लिहिलेला कोड आजही चालू नये, तिकडे भोंगे होऊ नयेत, एवढंच मनात म्हणत असते. आकडा हलला नाही की हितेश माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे बघते, आणि मग आम्ही डबे उघडतो.