बूट बेंचवरच राहिला होता

नासिर गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हे: चला, आता तरी गिऱ्हाईक माझ्याकडे येईल.

रडू नंतर आलं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. जेवून उठला, छातीत कळ आली, संपलं.

चिखलीत आमची गॅरेजं समोरासमोर. मधे फक्त रस्ता. दोघंही एकाच उस्तादाकडे शिकलो, राजगुरुनगरच्या अण्णांकडे. मी धाराशिवहून आलेला, नासिर इथलाच.

अण्णा शिव्या दोघांना सारख्याच द्यायचे. पण नासिरचं काम झालं की जवळ जाऊन, हात लावून बघायचे. माझं लांबूनच.

तिथून माझं जळणं सुरू झालं.

माझ्या बायकोची स्कूटी बिघडली की ती रस्ता ओलांडून त्याच्याकडे न्यायची. मला म्हणायची, "तुम्ही बिझी असता ना."

मी बिझी नसायचो राव.

जोगळेकर सरांची लाल स्पोर्ट्स कार मात्र आधी माझ्याकडे आली. दोन दरवाजांची, जुनी, पण अशी चकाचक की रस्त्यावरचे लोक थांबून फोटो काढायचे. सर टूलरूममधून रिटायर झालेले. पोरांपेक्षा गाडीवर जीव.

पुढच्या दोन्ही ॲक्सलचे बूट फाटले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ॲक्सलच्या जॉइंटवर घड्याघड्यांचं रबर असतं, त्याला बूट म्हणतात. ते आत ग्रीस धरून ठेवतं, धूळ येऊ देत नाही. ते फाटलं की जॉइंट गेलाच समजा.

सर म्हणाले, "नासिर दिवसभर लागेल म्हणतोय."

मी म्हणालो, "सर, दुपारी जेवायला गाडी घेऊन जा."

नडला तो हाच माज.

या कामात एकच गोष्ट विसरायची नसते. बूट आधी ॲक्सलच्या दांड्यावर चढवायचा, मग जॉइंट ठोकायचा; जॉइंट बसला की बूट चढत नाही. अण्णा रोज ओरडायचे, "आदी बूट, मंग जाइंट! न्हाईतर बसशीला पुन्ना खोलत."

नासिरने यावर स्वतःची युक्ती काढली होती. जुना जॉइंट खोलला की नवा बूट आवळायची गोल क्लिप तो मनगटात घालायचा. जॉइंट ठोकायला हात उचलला की क्लिप दिसायची आणि बूट आठवायचा.

मी सगळ्यांसमोर त्याला चिडवायचो, "काय रे, बांगड्या भरल्यास का?"

तो हसायचा आणि काम करत राहायचा.

तर त्या दिवशी एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूचा जॉइंट ठोकला, ॲक्सल गाडीत बसवला, नट आवळला. हात पुसत मागे वळलो.

नवा बूट बेंचवर पडलेला.

सगळं पुन्हा खोलायचं म्हणजे संध्याकाळ. सर कोपऱ्यावर चहा पीत होते. मी ब्लेड घेतलं, बूट उभा चिरला, दांड्याभोवती गुंडाळला, चिकटवला, वरून क्लिपा आवळल्या.

सर जेवायला गाडी घेऊन गेले. मला थँक्यू म्हणाले.

दोन-अडीच महिन्यांनी वळणावर टकटक आवाज यायला लागला, आणि गाडी समोरच्या गॅरेजात उभी राहिली. मी इकडून बघत होतो. नासिरने चाक काढलं, आत वाकला, तो सरळ चिरलेला काप त्याला दिसला. त्याने मान वर करून रस्त्यापलीकडे माझ्याकडे एकदा पाहिलं.

मी पाना शोधायला लागलो. पाना हातातच होता.

संध्याकाळी सर स्वतः माझ्याकडे आले. "नासिर म्हणाला, रबरच खराब निघालं. मी उगाच तुला दोष देत होतो."

त्या रात्री मी जेवलो नाही. त्याने माझी बदनामी केली असती तर मला त्याचा मनसोक्त राग तरी करता आला असता. त्याने तेवढीही सोय ठेवली नाही.

खूप दिवसांनी मीच विचारलं, "सरांना खरं का नाही सांगितलंस?"

"मी काय सांगू? माझा पण राहिलाय भावा, दोनदा. म्हणून तर ही बांगडी."

"मग काय केलंस?"

"काय करणार? खोललं परत. गिऱ्हाइकाला बोललो, चुकलं माझं, उद्या या."

इतकं सहज म्हणाला. मला वाटायचं मी त्याच्या हातावर जळतो. त्या दिवसापासून या वाक्यावर जळायला लागलो. मला ते कधी बोलताच आलं नाही.

या आठवड्यात सरांची गाडी माझ्याकडे आली. नासिरने तेव्हा घातलेले बूट आठ वर्षांनी वयाने तडकले होते. सर म्हणाले, "नासिर सांगून ठेवायचा, मी नसलो तर दत्ताकडे जा."

मी जॉइंट खोलला. आतलं ग्रीस स्वच्छ. जॉइंटमधल्या पोलादी गोळ्या आरशासारख्या. एक ओरखडा नाही.

मरून वर्ष झालं, तरी माझ्यापेक्षा चांगलं काम करतोय हरामखोर.

मी एक जास्तीची क्लिप मनगटात घातली. समोरच्या बंद शटरकडे बघून आधी बूट चढवला, मग जॉइंट ठोकला. अख्खा दिवस लागला.

सर सहा वाजता गाडी न्यायला येणार आहेत. तोंडावर बोलायला मला जमणार नाही, म्हणून इथे लिहितोय. सगळ्यांनी वाचलं तरी चालेल.

सर, तेव्हा रबर खराब नव्हतं. बूट मी विसरलो होतो आणि चिरून चिकटवला होता. नासिरने मला वाचवलं.

चुकलं माझं.

नासिर, बोललो बघ. आठ वर्षं लागली. तू असतास तर चहा पिता पिता बोलून मोकळा झाला असतास, म्हणून अजूनही जळतोय तुझ्यावर.

शांत झोप भावा. क्लिप अजून हातातच आहे.