ताईने स्वतः वाचलेली स्थळं

आमच्या विहाराच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट मी केली, तेव्हा अंबरनाथमध्ये माझी कॉलर ताठ होती. मराठी फॉन्ट सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर नसायचा, अक्षरांच्या जागी चौकोन उमटायचे. म्हणून तेव्हाच्या रीतीने मीही प्रत्येक स्थळाची माहिती सुबक टायपात लिहून तिचं चित्र करून चिकटवलं होतं.

ताईला जन्मापासून दिसत नाही. ती बँकेत टेलिफोन ऑपरेटर होती आणि पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर सराईतपणे वापरायची. तिने माझी वेबसाइट उघडली. आतून आवाज आला, "ग्राफिक. ग्राफिक. ग्राफिक."

"छान," ताई म्हणाली, "सगळ्या मुलांचं नाव एकच दिसतंय."

"आई वाचून दाखवते की तुला."

"आई वाचत नाही, गाळते. मुलगा विधुर असला की गाळते, पालेगावात जमीन असली की दोनदा वाचते. लग्न मला करायचंय ना? मग निवडू दे मला."

हे बरोबर वर्मी लागलं. मंडळाच्या सेक्रेटरी काकांना मी सांगितलं, प्रत्येक चित्रामागे न दिसणारा मजकूर घालायचाय.

"दिसणार नाय तर घालतो कशाला?"

"ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी, काका."

काका म्हणाले, "घाल. आणि माझ्या भाच्याचं जरा नीट घाल."

सॉफ्टवेअरला मराठीचा गंधही नव्हता. मग मी मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलं. 'मुलगा शांत स्वभावाचा' हे ते असं वाचायचं, की गोरा साहेब कुणावर तरी खेकसतोय. ताई हसून लोळायची आणि मला स्पेलिंग बदलायला लावायची. त्या दिवसांइतकी ती मला कधीच आवडली नाही.

शेवटी एका रविवारी उल्हासनगरहून आणलेला 'ओरिजिनल' हेडफोन कानाला लावून ती एकटी वाचायला बसली. मध्येच स्वतःशी हसली. आई मटार सोलायचे टाकून तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"कोण आहे गं? कुठला?"

ताईने हात पुढे करून मॉनिटरच बंद केला. तिला त्याची गरज नव्हती. काळ्या पडद्यासमोर बसून ती पुढचं वाचत राहिली.

आईने सवयीने माझ्याकडे पाहिलं.

"मला नको विचारूस," मी म्हणालो. "तिचं वाचून झालं की तिलाच विचार."