पिंपातले तांदूळ बसले

“तांदूळ बसले म्हणजे काय गं? पाटावर बसतात की सोफ्यावर?” भाऊंचा आवाज डोंबिवलीतल्या त्या घरातून थेट जिन्यापर्यंत जात होता. “गॅलरीतलं पिंप काठोकाठ भरलेलं. अजून वाटीभरही काढले नाहीत, तरी दोन बोटं खाली! गॅलरी झाडायला जातं कोण? कलावती.”

“म्हणून मला न विचारता तिला ‘कामाला येऊ नको’ सांगितलंत?” सरोजने विचारलं.

“आई, कॅमेरा लाव ना,” मोबाइलमधून डोकं न काढता मुकुल म्हणाला.

नवऱ्याची आणि मुलाची मतं झटपट तयार असत. सरोजचं मात्र आधी बघायचं, मग बोलायचं. बँकेतून निवृत्त होईपर्यंत नोकरी केली, पण वर्षाचे तांदूळ भरायचं काम तिने कधी दुसऱ्यावर सोडलं नाही.

तिने स्वयंपाकघरातलं दुसरं पिंप उघडलं. त्याच दिवशी भरलेलं, तेच तांदूळ. ते जेमतेम नखभर उतरलं होतं.

“चोरायचेच तर तिने इथले नेले असते. भांडी घासताना ती इथे एकटीच असते.”

मग ती गॅलरीत गेली. पिंपाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. दुपारचं ऊन थेट त्याच्यावर येत होतं.

“पत्रा तापला की फुगतो. दाणे सैल होऊन खाली सरकतात. रात्री पत्रा आवळतो, पण सरकलेला दाणा वर चढत नाही. रोज थोडं थोडं असंच.”

“हे तुझं शास्त्र. पुरावा कुठाय?”

सरोजने पदर खोचला. मुकुलला खालच्या वाण्याकडून गोणी तोलायचा काटा आणायला पिटाळलं आणि पिंप चादरीवर पालथं केलं. सगळे तांदूळ मोजले. या पिंपात एक अख्खी गोणी ओतली होती; तिच्यावर छापलेलं वजन होतं, तेवढेच भरले. मुकुलने मोबाइल खिशात टाकला.

“काटा बिघडलेला असेल,” भाऊ पुटपुटले.

“मग तुम्ही उभे राहा त्याच्यावर. परवाच डॉक्टरांनी तुमचं वजन केलंय.”

भाऊ काही काट्यावर चढले नाहीत.

तिने तांदूळ परत भरले, हात धुतले.

“उद्या सकाळी आपण दोघं आंबिवलीला कलावतीच्या घरी जातोय. माफी तुम्ही मागायची. ती यायला तयार होईपर्यंत भांडी मुकुल घासेल.”