गुप्त टपालासाठी सेक्रेटरीची सही

कोपरला आमच्या सोसायटीत पोस्टमन टपाल वॉचमनच्या टेबलावर ठेवतो आणि तिथून सेक्रेटरीकाका ते घरोघर वाटतात. निवृत्त माणूस, हौसेने करतात. पाकीट देताना पाठवणाऱ्याचं नाव वाचून एखादी शंकाही विचारतात. "विमा कंपनीचं दिसतंय. काही विसरलास की काय रे?"

याच काकांविरुद्ध मी तक्रार केलेली. ऐन कुरडयांच्या दिवसांत त्यांनी गच्चीला कुलूप लावलं होतं. सोसायट्यांच्या तक्रारी घेणाऱ्या ठाण्यातल्या सरकारी कार्यालयात मी अर्ज देऊन आलो आणि बायकोला अभिमानाने सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

"काकूंबरोबर माझं रोजचं जाणं-येणं. कळलं तर कुठल्या तोंडाने बोलू? आणि सरकारी उत्तर आलं की ते वाटणार कोण?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग पोस्टात स्वतःचा बॉक्स भाड्याने घ्यायचं ठरवलं. पत्र तिथे पडणार, चावी माझ्या खिशात. काकांचा संबंधच मिटला.

काउंटरवरच्या मॅडमना मी हळूच विचारलं, "बॉक्स कुणाचा, हे बाहेर कळत नाही ना?"

"आम्ही नाही सांगत. पण आम्हाला तर कळायला पाहिजे ना, सर? फोटो, ओळखपत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा."

माझ्या आधारवर अजून ठाण्यातल्या कोपरीचं जुनं घर. लाइटबिल वडिलांच्या नावाने, आणि वडील जाऊन बरीच वर्षं झालेली.

"मग सोसायटीचं पत्र आणा," मॅडम म्हणाल्या. "लेटरहेडवर, सेक्रेटरीच्या सही-शिक्क्याचं."

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी सरळ काकांकडे गेलो.

"कशासाठी पाहिजे रे?"

"पोस्टात बॉक्स घेतोय. म्हणजे... आमचं टपाल वाटायचा तुम्हाला किती त्रास!"

काका विरघळलेच. "एवढा विचार कोण करतो हल्ली?" म्हणत त्यांनी पत्र लिहिलं आणि मी 'सज्जन व सहकार्यशील सभासद' असल्याचं न मागता त्यात घातलं. काकूंनी लाडू दिला. तोही मी खाल्ला.

बॉक्स मिळाला. ठाण्याला जाऊन अर्जावर त्याचा नंबरही लिहून आलो. काही दिवसांनी बॉक्समध्ये पहिलं पत्र आलं, ते उभ्या उभ्या फोडलं. आपल्या तक्रारीची प्रत, आपल्या नाव व पत्त्यासह, खुलाशासाठी संस्थेकडे पाठवण्यात आली आहे.

रिक्षाने घर गाठलं. वॉचमनच्या टेबलाशी काका ती प्रत घेऊन बसलेले.

"या, सज्जन सभासद."

"काका, चुकलं. तोंडावर बोलायला हवं होतं."

"हवंच होतं. पण आता मला खुलासा द्यायचाय आणि माझं सरकारी मराठी कच्चं. तुझं चांगलं दिसतंय." त्यांनी पेन पुढे केलं. "बस. लिही."

लिहिला. ठेंगणा कठडा, वर पळणारी पोरं, सभासदांची सुरक्षितता. माझाच एकेक मुद्दा मी असा खोडला की शेवटी तो खुलासा मलाही पटला. तक्रार निकाली निघाली, कुलूप राहिलं.

कुरडया त्या वर्षी काकूंच्या गॅलरीत वाळल्या. तळल्यावर काकांनी आम्हा दोघांना बोलावलं, पहिली कुरडई माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता तो खुलासा जरा मोठ्याने वाचून दाखव. बायकोलाही ऐकू दे तुझ्या."