केर काढायच्या मशीनचा पट्टा

जळक्या रबराचा वास आला की लोक दचकतात, धावत जाऊन स्विच बंद करतात. मला मात्र बदलापूरचं आमचं घर आठवतं आणि बरं वाटतं. बायको म्हणते, तुमचं नाक एकदा कुणाला तरी दाखवून या.

घर मांजर्लीत होतं, तळमजल्यावर. तळमजला घेतला तो बाबांच्या हट्टाने, कारण त्यांना खिडकीतून आपली स्कूटर दिसायला हवी होती. एका पावसाळ्यात नदी घरात शिरली, गुडघाभर उभी राहिली आणि दोन दिवसांनी निघून गेली. तिने ठेवलेला गाळ आम्ही बादल्या भरभरून बाहेर काढला, पण सगळा कुठला निघतोय. फटींमध्ये, चौकटींमागे जो राहिला तो वाळला आणि त्याची पिठासारखी धूळ झाली. शिवाय आजूबाजूला रोज एक नवी इमारत उभी राहत होती, तिचं सिमेंट वेगळं. त्या वर्षापासून आईला दम लागायला लागला. केर काढून झाला की ती पलंगाची कड धरून उभी राहायची आणि तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजायची. ती शिट्टी मी स्वयंपाकघरात बसून ऐकायचो आणि पुस्तकात डोकं खुपसायचो.

स्टेशनजवळचे डॉक्टर म्हणाले, "दमा आहे. धुळीपासून लांब राहा, झाडू हातात धरू नका." आई घरी आली, चहाचं आधण ठेवलं आणि चहा उकळेपर्यंत केर काढून घेतला. भांड्यांना बाई होत्या, पण त्या अकराला यायच्या, आणि न झाडलेल्या घरात आई अकरापर्यंत बसली असती तर आकाश कोसळलं असतं. बाबांनी या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. झाडू नको तर मग काय, एवढाच तो विचार होता. झाडू दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ शकतो, हे आमच्या घरात कुणाला सुचणं शक्य नव्हतं. बाबांनी कधी झाडू धरला नव्हता, त्यांच्या वडिलांनी धरला नव्हता, आणि चौदा वर्षांचा धडधाकट मी त्यांच्याच पावलावर पाऊल टाकत होतो.

तेवढ्यात मस्कतचा मामा सुट्टीवर आला आणि बहिणीसाठी केर काढायचं मशीन घेऊन आला. उभा दांडा, मागे कापडी पिशवी, पुढे एक दिवा. चालू केलं की पिशवी फुगायची आणि दिवा लागायचा. पोटात एक गोल ब्रश होता आणि मोटरपासून त्या ब्रशपर्यंत एक काळा रबरी पट्टा, बांगडीएवढा. मामाने जादा पट्टे दोन दिले आणि सांगितलं, "भावोजी, हा पट्टा झिजतो. झिजला की ब्रश फिरत नाही. बदलायचा."

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. मोटर, ब्रश आणि पट्टा हे शब्द ऐकले आणि मशीन त्यांच्या खात्यात जमा झालं. आईला त्यांनी हातही लावू दिला नाही. रोज सकाळी कामावर जायच्या आधी ते पँट-शर्ट घालून, बाह्या दुमडून घरभर मशीन फिरवायचे. दार सताड उघडं. शेजारच्या काकू दूध घ्यायच्या निमित्ताने बघून जायच्या, आणि बाबा त्यांना आत बोलावून पिशवीत किती धूळ जमली ते दाखवायचे. ज्या माणसाने उभ्या जन्मात ताटाखालचा पाट उचलला नाही, तो आता पलंगाखाली आडवा होऊन धूळ खेचत होता आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता, कारण तो केर काढत नव्हता, मशीन चालवत होता. ही गंमत तेव्हा कुणी बोलून दाखवली नाही. आईला तर मुळीच बोलायची नव्हती. तिची शिट्टी थांबली होती. भाजी चिरताना ती परत गुणगुणायला लागली होती, आणि तेवढं ऐकायला मिळत होतं म्हणून मीही खूश होतो.

मशीनमधला मूळचा पट्टा आणि मामाचे दोन्ही जादा पट्टे वर्षभरात संपले. पट्टा आधी ढिला पडायचा, मग घसरायचा, मग तो जळका वास यायचा आणि ब्रश थांबायचा. तिसरा संपला तेव्हा बाबांनी जुना पट्टा दोऱ्याने मोजला, कागदात गुंडाळला आणि आम्ही दोघे उल्हासनगरला गेलो. उल्हासनगरात मिळणार नाही अशी वस्तू जगात नाही, असं तेव्हा सगळेच मानत. तीन नंबर कॅम्पातल्या एका गल्लीत मिक्सर, टेपरेकॉर्डर, पंखे यांच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं. गल्ल्यावरच्या सिंधी म्हाताऱ्याने पट्टा उजेडात धरला, ताणला, हुंगलासुद्धा.

"इम्पोर्टेड है साईं," तो म्हणाला. "इसका पट्टा कंपनी में भी नहीं मिलेगा."

"मग?" बाबांचा चेहरा उतरला.

"कंपनी में नहीं मिलेगा बोला. अपने पास नहीं मिलेगा, ऐसा कब बोला?"

त्याने बरण्या काढल्या. टेपरेकॉर्डरचे दोऱ्यासारखे पट्टे, शिलाई मशीनचे, प्रोजेक्टरचे, कशाकशाचे. एकही जुळेना. शेवटी एक जवळपास तसा मिळाला. घरी येऊन बाबांनी तो चढवला आणि मशीन चालू केलं, तर पिशवी फुगली पण केर आत जायच्या ऐवजी आमच्या पायांवर यायला लागला. बाबा स्क्रू आवळत होते, सैल करत होते. आई नाकाला पदर लावून दारात उभी होती. ती शिलाई मशीनवर ब्लाउज शिवायची.

"अहो, ब्रश उलटा फिरतोय," ती म्हणाली. "पट्ट्याला पीळ दुसऱ्या बाजूने द्यायला हवा."

बाबांनी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि थोड्या वेळाने, आपल्यालाच सुचलं अशा थाटात, पीळ बदलला. ब्रश सरळ फिरायला लागला. पण तो पट्टा रुंदीला कमी होता, महिन्यात तुटला.

मग अंबरनाथजवळची मोरिवली झाली. तिथल्या जुन्या गावाला लागून रबरी वॉशर बनवणारा एक छोटा कारखाना होता, आणि तिथल्या लेथवरचा गावचाच एक कारागीर बाबांच्या ओळखीचा होता. त्याने पट्ट्याचा तुकडा बघितला आणि हसला. "साहेब, येवऱ्याशा पट्ट्यासाठी येवरं लांब आलाव?" रबराची नळी त्याने लाकडी दांड्यावर चढवली आणि काकडीच्या चकत्या कराव्यात तशा पाच कड्या कापून दिल्या. त्या कड्या मस्कतच्या पट्ट्यांपेक्षा चांगल्या चालल्या. बाबा महिनाभर ज्याला त्याला सांगत होते, आपल्या मोरिवलीचा माल आहे. सकाळी मशीन आणि आईचं गुणगुणणं, असं जवळजवळ दोन वर्षं चाललं. माझ्या लहानपणातली मला सगळ्यात आवडणारी सकाळ कुठली असं कुणी विचारलं, तर मी त्या दोन वर्षांतली कुठलीही एक उचलून देईन.

पाचातली शेवटची कडी मशीनला होती तेव्हा दसरा आला. कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची तशी बाबा घरीही करायचे. स्कूटर, पान्यांची पेटी, आईचं शिलाई मशीन, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. केर काढायच्या मशीनला माळ घालायचं काम माझ्याकडे होतं. मी चांगली जाडजूड माळ घातली, आणि दांड्यावरून घसरू नये म्हणून दोरा खाली दोनदा गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी फुलं सुकली, मी माळ ओढून काढली. दोरा काढायचा राहिला.

बाबांनी मशीन चालू केलं. ब्रशने दोरा आत ओढला, गुंडाळून घेतला आणि अडकला. मोटर मात्र फिरतच राहिली. बाबांनी स्विच बंद करेपर्यंत घरभर तो वास पसरला होता. उघडून बघितलं तर पट्टा जागच्या जागी जळून चिकटला होता आणि ब्रशवर झेंडूच्या पाकळ्या लागल्या होत्या. बाबांनी दोरा सोडवला, माझ्याकडे बघितलं आणि तो माझ्या हातात ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

मोरिवलीचा कारखाना तोवर बंद पडला होता. दाराला कुलूप, आणि तो कारागीर कुठे गेला ते कुणाला सांगता येईना. दिवाळी तोंडावर. दसरा ते दिवाळी म्हणजे माळे उपसायचे, जाळी काढायची, वर्षभराची धूळ एकदम खाली आणायची. बाबांनी आईला बजावलं, "पट्टा आणल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही." आणि येणाऱ्या रविवारी आम्ही दोघे सकाळी निघालो.

पूर्ण दिवस फिरलो. अंबरनाथला दोन ठिकाणी, मग उल्हासनगर, एका कॅम्पातून दुसऱ्या कॅम्पात. सिंधी म्हाताऱ्याने आम्हाला ओळखलं. त्याने कुठेतरी माणूस पाठवला, आम्हाला स्टुलांवर बसवलं, पापड खायला घातले, आणि दोन तासांनी एक पट्टा आमच्यापुढे ठेवला. बाबांनी जुन्यावर धरून पाहिला. तंतोतंत. लांबी, रुंदी, सगळं. मला इतका आनंद झाला की मी त्या म्हाताऱ्याच्या पाया पडलो. बाबांनी पट्टा कागदात घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि घरी येईपर्यंत तीनदा चाचपून बघितला.

घरी आलो तेव्हा ऊन उतरत होतं. दार लोटलेलं. घर लख्ख होतं. माळा रिकामा, भिंती झाडलेल्या, फरशी पुसलेली. आई खिडकीजवळ स्टुलावर वाकून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड उघडं. शिट्टी दारापर्यंत ऐकू येत होती. शेजारच्या काकू तिची पाठ चोळत होत्या. काकूंनी आमच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पट्टा शोधायला दोघं गेलात होय?"

बस, एवढंच. आवाजही चढवला नाही त्यांनी. पण मी त्या "दोघं" वर अडकलो. चार धडधाकट हात घेऊन आम्ही दोघे दिवसभर गावोगाव रबराची एक कडी शोधत हिंडत होतो, आणि झाडू दाराच्या मागे उभा होता. मला स्वतःची इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती.

आईने मान वर केली. दोन श्वासांच्या मध्ये तिने विचारलं, "मिळाला का?"

बाबा तिच्यासमोर खाली बसले. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि परत आला.

"नाही मिळाला," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी ते मिटलं. मग डॉक्टर, इंजेक्शन, आणि रात्रीपर्यंत आईचा श्वास जागेवर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आईला म्हणाले, "तू जरा काकूंकडे जाऊन बस." ती गेल्यावर त्यांनी दार लावलं, खिडक्या उघडल्या, फरशीवर पाण्याचा हबका मारला आणि दारामागचा झाडू हातात घेतला. कसा धरायचा ते त्यांना येत नव्हतं. मी ओलं फडकं घेऊन मागे मागे सरकत होतो. दोघांनी मिळून आम्ही अत्यंत वाईट केर काढला. काकूंकडून आल्यावर आईने कोपऱ्यात बघितलं आणि चहाचं आधण ठेवलं. त्या लक्ष्मीपूजनाला नवीन केरसुणी बाबांनी आणली, आणि तिला हळदकुंकू वाहताना आईने ती आधी बाबांच्या पुढे धरली. नमस्कार करताना बाबा कानापर्यंत लाल झाले होते.

हळूहळू दार उघडं राहायला लागलं. बाबा निवृत्त झाले तरी केर त्यांच्याकडेच राहिला. मशीन माळ्यावर गेलं.

बाबा गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी आणि आई त्यांची पान्यांची पेटी आवरत होतो. तळाशी एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात तो कागद निघाला. उघडला तर पट्टा, कधीच न चढवलेला, ताणला असता तर तुटला असता इतका कडक. इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मी आईला सांगून टाकली. म्हटलं, "आई, त्या दिवशी बाबा खोटं बोलले. पट्टा मिळाला होता. खिशातच होता."

"माहीत आहे," आई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी शर्ट भिजवताना मलाच सापडला. डब्यात मीच ठेवला. त्यांनीही परत कधी शोधला नाही."

"मग तू बोलली का नाहीस?"

तिने हातातला पाना पुसून पेटीत ठेवला. "बोलले असते तर परत मशीन आलं असतं. मशीन फिरवायचे तेव्हा त्यांचं लक्ष पट्ट्याकडे असायचं. झाडू घेतल्यापासून रोज आधी मला विचारायचे, आज बरी आहेस ना, बाहेर बसतेस का."

तिने पट्टा माझ्या हातातून घेतला, परत त्याच कागदात गुंडाळला आणि डब्याचं झाकण लावलं.