अलकाताई आणि नंबरवाली बोट

अलकाताईंना सवत मिळाली ती वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, आणि तीही तीनशे फूट लांब.

तिला नावसुद्धा नव्हतं, नुसता नंबर होता. महायुद्धात रणगाडे वाहून नेणारी बोट. तळ सपाट, त्यामुळे समुद्रात डुलायची; किनाऱ्याला लागली की पुढचा जबडा उघडायचा आणि पोटातून एकेक रणगाडा वाळूवर उतरायचा. परत येताना त्याच पोटात जखमींची स्ट्रेचर्स. अलकाताईंचे यजमान डॉक्टर श्रीनिवास भूल देणारे. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलातून निवृत्त झाले आणि त्या स्ट्रेचर्सपायी या बोटीच्या प्रेमात पडले. चार वर्षं अर्काइव्हमध्ये बसून त्यांनी तिची अख्खी केस हिस्टरी लिहिली: जन्म अमेरिकेत, मग सिसिली, नॉर्मंडी, शेवटी भंगारात.

"आज काय खाल्लं तुमच्या नंबरवालीनं?" अलकाताई विचारायच्या.

"अगं, आज तिचं इंजिन बिघडलं. माल्टाजवळ."

"माझा गुडघा बिघडलाय. साउथहॅम्प्टनजवळ."

बोट त्यांनी एक वेळ सहन केली असती, पण वरदा नाही. वरदा ओळखीच्यांची मुलगी, इंग्लंडातच हॅरोला जन्मलेली, बेसिंगस्टोकला आयटीत. दर शनिवारी लॅपटॉप घेऊन यायची आणि काकांच्या वह्यांवरून टाइप करायची.

"काकू, हे चहा किती मस्त झाली आहे! काका, ते बोट इटलीला कधी गेला?"

आणि काका, ज्यांनी चाळीस वर्षांत अलकाताईंच्या चहाबद्दल चकार शब्द काढला नव्हता, ते हसत सुटायचे.

खरं दुखणं वेगळंच होतं. अलकाताई सव्वीस वर्षं मेडिकल सेक्रेटरी होत्या. डॉक्टरांचं अक्षर पृथ्वीतलावर एकट्या त्यांनाच लागायचं. त्यांचे सगळे पेपर, सगळी भाषणं अलकाताईंच्या बोटांखालून गेली होती. आता ती वही दुसरीच्या मांडीवर.

मंगळवारी प्रूफ आलं. सोळा पानांची इंग्रजी पुस्तिका. गुरुवारी पाचपर्यंत प्रिंटरकडे जायची, शनिवारी लायब्ररीत समारंभ. डॉक्टरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

"तूच वाच गं एकदा. काही चुका?"

अलकाताईंनी चष्मा लावला आणि तिसऱ्याच पानावर थबकल्या. 'सहा जूनला बोट नॉर्मंडीच्या किनाऱ्याला लागली.' सहा? ती तर सातला लागली होती, वर्षभर जेवताना हेच ऐकलं होतं. पुढे 'एकोणनव्वद जखमी परत आणले.' त्यांनी वही काढली आणि मनातल्या मनात टाळी वाजवली. पेशंटच्या कागदांवर डॉक्टर इंग्रजी आकडे काढायचे, पण स्वतःच्या वहीत मजकूर इंग्रजी असला तरी आकडे मराठी शाळेतलेच. घाईतला मराठी सात इंग्रजी सहासारखा दिसतो, चार आठसारखा, एक नऊसारखा. एक्केचाळीस जखमींचे एकोणनव्वद झाले होते! वरदाबाईंना कुणी हे आकडे शिकवलेच नव्हते.

"काय गं, आहेत का चुका?"

"छे हो," अलकाताई म्हणाल्या. "तुमच्या वरदाच्या कसल्या चुका होणार?"

शनिवारचा हॉल त्यांना डोळ्यांसमोर दिसत होता. कुणीतरी जाणकार उठेल, विचारेल, वरदा शरमेनं लाल होईल. मग वही परत कुणाकडे येईल? बुधवारी त्यांनी खास त्या समारंभासाठी साडीला फॉल लावला.

गुरुवारी दुपारी एक वाजता फोन वाजला. मिसेस पाइक. त्यांचे वडील त्या बोटीवर इंजिनावर काम करणारे खलाशी. बोट किनाऱ्याला लागली त्याच दिवशी गोळा लागून गेले.

"मला दोन प्रती मिळतील का? एक माझ्या मुलीला. मी वडिलांना पाहिलंच नाही हो, ते गेल्यावर तीन महिन्यांनी जन्मले. एक्क्याऐंशी वर्षांची झाले, अजून दर सात जूनला धक्क्यावरून पाण्यात फुलं सोडते. आता छापील कागदावर त्यांचा दिवस बघायला मिळेल."

"मिळतील," अलकाताई म्हणाल्या. फोन ठेवला आणि प्रूफाचं तिसरं पान पुन्हा काढलं. वरदाला लाल करायला निघालेल्या बाई त्या. हे मध्येच कोण आलं?

"अहो, तुमच्या पुस्तकात सात जूनचा सहा जून झालाय. आणि एक्केचाळिसाचे एकोणनव्वद."

डॉक्टर खुर्चीत सरळ झाले. "आत्ता दिसलं तुला?"

"मंगळवारी."

"मंगळवारी तू म्हणालीस, चुका नाहीत."

"म्हणाले."

"का?"

"डॉक्टर आहात ना? करा निदान."

"अलका, निवृत्त झालीस त्या दिवशी तूच म्हणाली होतीस, यापुढे तुमच्या अक्षराकडे ढुंकून बघणार नाही."

"मग? बायको म्हणाली की लगेच ऐकायचं? एरवी कधी ऐकलंत?"

डॉक्टरांनी फोन अलकाताईंपुढे सरकवला. "वरदाला तूच सांग."

पाऊण तासात वरदा गाडी घेऊन दारात. वही बघून रडायच्या बेताला आली. "माझं चूक आहे, काकू. मला वाटलं काकांचं हँडरायटिंग बॅड आहे. मी गेस केलं."

"माझीही आहे," अलकाताई म्हणाल्या. "मला मंगळवारीच दिसलं होतं. बस."

दोघी टेबलाशी बसल्या. अलकाताई वही मांडीवर घेऊन एकेक आकडा वाचत गेल्या, वरदा दुरुस्त करत गेली. सोळा पानांत बावीस आकडे. पावणेपाचला फाइल गेली.

वरदानं लॅपटॉप मिटला. "काकू, मला हे मराठी नंबर्स शिकवा ना. म्हणजे पुढच्या बुकला तुम्हाला त्रास नको."

"पुढचं बुक?" अलकाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खिडकीबाहेर बघत होता.

"अजून एक बोट आहे," तो पुटपुटला.

अलकाताईंनी वही आपल्या खुर्चीतल्या उशीखाली सरकवली आणि वरदाच्या कपात आणखी चहा ओतला.

"नाही शिकवणार," त्या म्हणाल्या. "तू टाइप कर. वाचीन मी."